निरीक्षण कॅमेऱ्याचे, अनुमान सॉफ्टवेअरचे

डिजिटल कॅमेऱ्यावर गांभीर्याने काम करणाऱ्या छायाचित्रकारांना एक अनुभव हमखास येतो. फोटो ‘रॉ’ प्रकारात टिपलेला असतो. ‘रॉ’ म्हणजे कच्चा. तो संगणकावर एखाद्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, की पहिल्या क्षणी छान, उठावदार दिसतो. एक-दोन सेकंद जातात आणि डोळ्यांदेखत त्याचे रंग बदलतात. बहुधा तो थोडा फिका, मवाळ होतो. यावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: “या सॉफ्टवेअरने माझा फोटो बिघडवला!”

खरे तर काहीच बिघडलेले नसते. कॅमेऱ्याने लिहिलेल्या मूळ फाइलमधला एक आकडाही बदललेला नसतो. मग डोळ्यांसमोर बदलले ते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण विज्ञानाच्या तासाला रोज शिकवतो त्याच एका गोष्टीशी येऊन पोहोचतो. प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ हे दोन मथळे वेगळे का लिहायचे, ही ती गोष्ट.

कच्ची फाइल म्हणजे आकड्यांचा तक्ता

कॅमेऱ्यातल्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राही घरे असतात. शटर उघडे असेपर्यंत प्रत्येक घरात जेवढा प्रकाश पडतो, त्या प्रमाणात विद्युतभार जमतो. तो मोजून त्याचा आकडा लिहिला जातो. कॅमेरा १२ बिटचा असेल तर हा आकडा ० ते ४०९५ यांपैकी एक असतो. १४ बिटचा असेल तर ० ते १६,३८३ यांपैकी एक. पावसाळ्यात अंगणात ओळीने वाट्या मांडून प्रत्येक वाटीत किती पाणी साठले ते मोजावे, तसाच हा प्रकार आहे.

पण या वाट्यांना रंग कळत नाही. लाल प्रकाश असो की निळा, जमतो तो विद्युतभारच. यावर कोडॅक कंपनीतले शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांनी उपाय शोधला आणि त्याचे अमेरिकन पेटंट १९७६ मध्ये मिळाले. प्रत्येक घरावर त्यांनी एकेक रंगीत गाळणी बसवली. दर चार घरांच्या चौकटीत दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी. हिरव्या दोन का? तर उजेड-सावलीचा बारीक भेद आपला डोळा हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशात अधिक चांगला ओळखतो म्हणून. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइल फोनमध्ये हीच रचना किंवा तिचा एखादा प्रकार असतो.

म्हणजे ८० लाख घरांच्या संवेदकाने प्रत्यक्षात ८० लाखच आकडे मोजलेले असतात. रंगीत चित्राला मात्र प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात. एकूण २ कोटी ४० लाख. यांतला एक तृतीयांश भाग मोजलेला आणि उरलेला दोन तृतीयांश अंदाजाने भरलेला!

अंदाज बांधायचा कसा?

समजा, एका लाल घराच्या डाव्या, उजव्या, वरच्या व खालच्या हिरव्या घरांतले आकडे ४००, ४२०, ४१० आणि ४३० आहेत. या जागी हिरवा किती असेल? सरासरी काढली तर ४१५. उत्तर पटण्याजोगे आहे.

आता दुसरे उदाहरण घेऊ. पांढऱ्या भिंतीला लागून काळा दरवाजा आहे आणि आपले घर भिंतीच्या अगदी कडेला आहे. डावीकडचा आकडा ९००, उजवीकडचा १००, वरचा ८८० आणि खालचा ८८०. सरासरी येते ६९०. पण हा बिंदू तर भिंतीचा आहे. खरा आकडा ८८० च्या जवळपास हवा. सरासरीने फसवले. अशा चुकांमुळे कडेवर करवतीसारखे दाते दिसतात किंवा मुळात नसलेल्या रंगाची झालर उमटते. हुशार सॉफ्टवेअर आधी कड कोणत्या दिशेने जाते ते ओळखते आणि त्या दिशेच्या शेजाऱ्यांवरच विश्वास ठेवते. ही ओळख कोणी किती चांगली करते, यावर चित्राचा बारकावा ठरतो.

हा झाला एक निर्णय. असे आणखी कितीतरी घ्यावे लागतात. संवेदकाचा आकडा प्रकाशाच्या सम प्रमाणात वाढतो. डोळ्याचे तसे नाही. मंद उजेडातला थोडा फरकही आपल्याला जाणवतो, लख्ख उजेडातला तेवढाच फरक जाणवत नाही. त्यामुळे कच्चे आकडे जसेच्या तसे पडद्यावर दाखवले तर चित्र काळपट दिसते. ते किती उजळायचे? विजेच्या पिवळ्या दिव्याखाली टिपलेला पांढरा सदरा पांढरा दाखवायचा की पिवळसर? काळोख्या भागातले दाणे पुसायचे किती? पुसताना बारकावाही पुसला जातो, त्याचे काय?

कॅमेरा जेव्हा ‘जेपेग’ प्रकारचा तयार फोटो देतो, तेव्हा हे सारे निर्णय कॅमेऱ्यातल्याच संगणकाने, उत्पादकाच्या आवडीनुसार घेतलेले असतात. प्रत्येक रंगाच्या पायऱ्या २५६ वर आणलेल्या असतात आणि फाइल लहान करण्यासाठी काही माहिती टाकूनही दिलेली असते.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. कच्च्या फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने तयार केलेले एक छोटे जेपेग चित्रही ठेवलेले असते. सॉफ्टवेअर आधी ते दाखवते, मग आकड्यांवरून स्वतःचे चित्र तयार करून त्या जागी मांडते. पहिले अनुमान कॅमेरा कंपनीचे, दुसरे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे. निरीक्षण मात्र एकच.

२००५-०६ ची नवलाई

कच्च्या फाइल वाचण्याची सोय त्याआधीही होती. डेव्ह कॉफिन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९७ पासून ‘डीसीरॉ’ हा मोफत प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि अनेक कंपन्यांच्या गुप्त ठेवलेल्या फाइल-रचना उलगडल्या. फोटोशॉपच्या जनकांपैकी एक असलेल्या टॉमस नोल यांचे ‘कॅमेरा रॉ’ २००३ मध्ये आले. पण छायाचित्रकाराच्या कामाची साखळी तुटक होती. फोटो संगणकात घ्यायचे एका प्रोग्रॅमने, निवडायचे दुसऱ्याने, कच्च्याचे पक्के करायचे तिसऱ्याने आणि डागडुजी चौथ्याने.

ही सारी साखळी एकाच छपराखाली आणणारे ‘अ‍ॅपर्चर’ हे सॉफ्टवेअर अ‍ॅपल कंपनीने ऑक्टोबर २००५ मध्ये जाहीर केले. किंमत होती ४९९ डॉलर. पहिल्या प्रतिक्रिया दोन टोकांच्या होत्या. पडद्यावरच्या प्रकाशमेजावर फोटो मांडून भिंगाने न्याहाळता येतात, एकाच फोटोची अनेक रूपे करता येतात, याचा आनंद मोठा होता. पण भारी संगणक असूनही ते संथ चालते, ही एक तक्रार. दुसरी अधिक गंभीर: कच्च्या आकड्यांपासून बनणारे चित्र इतर सॉफ्टवेअरच्या तुलनेत कमी दर्जाचे आहे. तिसरी तक्रार घाबरून केलेली होती: “माझे फोटो गेले कुठे?” अ‍ॅपर्चर सर्व फोटो स्वतःच्या एका पेटाऱ्यात ठेवत असे, नेहमीच्या फोल्डरमध्ये ते दिसतच नसत.

कंपनीने या तक्रारी मनावर घेतल्या. एप्रिल २००६ मधल्या १.१ आवृत्तीत रूपांतर सुधारले, ते कमी-जास्त करण्याच्या किल्ल्या वापरणाऱ्याच्या हाती दिल्या आणि किंमत २९९ डॉलरवर आणली. त्याच वर्षी सप्टेंबरात जाहीर झालेल्या १.५ आवृत्तीत फोटो आपापल्या जागी ठेवण्याची मुभा मिळाली.

अडोबी कंपनीने वेगळा मार्ग धरला. ९ जानेवारी २००६ रोजी तिने ‘लाइटरूम’ची अपुरी, चाचणीची आवृत्ती मोफत वाटली आणि छायाचित्रकारांनाच मते विचारली. वर्षभर सूचना घेत घेत फेब्रुवारी २००७ मध्ये पहिली पक्की आवृत्ती बाहेर आली. फोटोशॉपला सरावलेल्यांचा पहिला प्रश्न मजेदार होता: “यात ‘सेव्ह’ कुठे आहे?”

मूळ नोंद अबाधित

‘सेव्ह’ची आज्ञा नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. अशी सॉफ्टवेअर मूळ फाइलमधल्या आकड्यांना हात लावत नाहीत. ‘उजेड इतका वाढव, लाल इतक्या पटीने गुण, ही कड काप’ अशा सूचनांची यादी ती वेगळी लिहून ठेवतात आणि दर वेळी मूळ आकड्यांवर त्या लागू करून चित्र दाखवतात.

याचा हिशेब पाहा. ८० लाख आकडे, प्रत्येकी १२ बिट म्हणजे दीड बाइट. न दाबलेली कच्ची फाइल साधारण १२ मेगाबाइटची. त्यापासून १६ बिटचे पूर्ण रंगीत चित्र केले तर ८० लाख गुणिले ३ गुणिले २ बाइट, म्हणजे ४८ मेगाबाइट. एका फोटोची रंगीत, कृष्णधवल आणि कापलेली अशी तीन रूपे ठेवायची तर १४४ मेगाबाइट. सूचनांच्या तीन याद्या मात्र काही किलोबाइटमध्ये मावतात. लग्नातले पाचशे फोटो एकाच दिव्याखाली टिपलेले असतील, तर एका फोटोची रंगदुरुस्ती उरलेल्या सगळ्यांना एका फटक्यात लावता येते. रात्र रात्र जागून हे काम करणाऱ्यांना या सॉफ्टवेअरचे अप्रूप वाटले ते यामुळेच.

दुसरा फायदा कळायला काही वर्षे जावी लागली. २०१० च्या लाइटरूम ३ मध्ये अंदाज बांधण्याची आणि दाणे पुसण्याची पद्धत सुधारली. छायाचित्रकारांनी चार-पाच वर्षांपूर्वीच्या कच्च्या फाइल बाहेर काढल्या आणि त्याच आकड्यांतून अधिक स्वच्छ चित्रे मिळवली. विशेष म्हणजे, जुने फोटो परस्पर बदलले गेले नाहीत. जुनी पद्धत जुन्या फोटोंना तशीच ठेवून ‘नवी लावू का?’ असे विचारले गेले. निरीक्षण नीट जपले असेल तर अनुमान पुढे सुधारता येते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याद्या वाचणार कोण?

मात्र या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. जून २०१४ मध्ये अ‍ॅपलने अ‍ॅपर्चरचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी त्याची विक्री बंद झाली. २०१९ पासूनच्या मॅक संगणकप्रणालीवर ते चालतही नाही. वापरणाऱ्यांच्या कच्च्या फाइल शाबूत राहिल्या. पण वर्षानुवर्षे लिहिलेल्या सूचनांच्या याद्या अ‍ॅपर्चरच्या भाषेत होत्या. लाइटरूमकडे वळणाऱ्यांना फोटोंची वर्गवारी आणि शीर्षके सोबत नेता आली. रंग-उजेडाच्या दुरुस्त्या मात्र नेता आल्या नाहीत. ज्यांनी आपल्या निवडक फोटोंच्या पक्क्या प्रती वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, त्यांचेच श्रम वाचले.

म्हणून धडा दुहेरी आहे. केवळ अनुमान ठेवले आणि निरीक्षण फेकले, तर पुन्हा तपासणी करता येत नाही. केवळ निरीक्षण ठेवले आणि अनुमान एकाच्याच भाषेत बंद राहिले, तर केलेला विचार हरवतो. दोन्ही जपावे आणि वेगवेगळे जपावे. अर्थात कच्ची नोंदही अगदी अस्पर्श असते असे समजू नये. संवेदकाचा संकेत कॅमेऱ्यात आधीच वाढवलेला असतो आणि काही कॅमेरे थोडी साफसफाईही करतात. थर्मामीटरच्या वाचनात जसा थर्मामीटरचाही हात असतो, तसेच हे.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. चौकटीच्या कागदावर बायरची रचना काढा. मुलांना प्रत्येक घरात एक आकडा द्या आणि रिकामे रंग शेजाऱ्यांवरून भरायला सांगा. मग काळ्या-पांढऱ्या कडेचे उदाहरण द्या. सरासरी कुठे फसते ते मुलांनाच शोधू द्या.

२. अनेक अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ विभागात रॉ फोटो टिपण्याची सोय असते. एकच वस्तू एकदा रॉ आणि एकदा जेपेग प्रकारात, मुद्दाम कमी उजेडाची टिपा. ‘डार्कटेबल’ किंवा ‘रॉथेरपी’ ही मोफत सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर घालता येतात. दोन्ही फोटो सारखेच उजळवून काळोख्या भागात काय फरक पडतो ते पाहा.

३. एकच कच्ची फाइल दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये काहीही न बदलता उघडा. चित्रे वेगळी दिसतील. यांतले खरे कोणते, असा प्रश्न वर्गात टाका आणि घाई न करता उत्तरे ऐका. “दोन्ही एकाच निरीक्षणाची अनुमाने आहेत” हे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याच्या तोंडून आले, तर त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असे समजावे.