घरकुलाच्या मागची पडवी

दिवाळीच्या तोंडावर मासिकांतून ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोडछायाचित्रांची चलती असते. डावीकडे पोपडे उडालेला दिवाणखाना, उजवीकडे तोच फॉल्स सीलिंग लावून, पिवळ्या उजेडात नाहून निघालेला. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारच्या डोंगरात अशी छायाचित्रे सरकार काढते. प्रधानमंत्री आवास योजनेत नाव लागले की पंचायत समितीचा माणूस मोबाईल घेऊन पाड्यावर येतो, लाभार्थ्याला जुन्या घरापुढे उभे करतो आणि अक्षांश-रेखांशासह फोटो वर चढवतो. मग बांधकामाच्या टप्प्याटप्प्याला पुन्हा फोटो. हप्ता सुटायचा तो या फोटोंच्या आधारावर. घराच्या कायापालटाचा देशातला सर्वांत मोठा अल्बम बहुधा हाच असावा, आणि तो कोणी कॉफी टेबलावर ठेवलेला नाही.

खोडाळ्याजवळच्या सूर्यमाळचे नाव शहरात पोचले आहे ते थंड हवेचे ठिकाण म्हणून. पावसाळी धुके बघायला गाड्या येतात. गाडीच्या काचेतून दिसणारी घरे मात्र दोन जातींची: उरलीसुरली कुडाची, आणि सिमेंटची घरकुले. वारली, कोळी महादेव, ठाकर, कोकणा, कातकरी अशा सगळ्यांच्या पाड्यांवर गेल्या काही दशकांत हे स्थित्यंतर घडत आले आहे. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये आली, २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. मधल्या काळात राज्याच्या आदिवासी विकास विभागाची शबरी घरकुल योजना जोडीला आली.

‘आधी’च्या फोटोतले घर नीट पाहण्यासारखे असते. लाकडी मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून बांबूच्या कामट्यांनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण, माती, भाताचा तूस यांचा लेप द्यायचा. वर गवत, पेंढा किंवा नळीची कौले. कारवी सह्याद्रीत मुबलक. सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरभर फुलते आणि मग वाळून जाते. भिंतीला रोख पैसा जवळजवळ लागत नाही, लागतात ते हात. चुलीचा धूर छपरातून झिरपत बाहेर जातो आणि जाता जाता गवतातली कीड कमी करतो. पुढे पडवी, आत एकच मोठी जागा: एका कोपऱ्यात शेळ्या, एका बाजूला चूल, आणि नागली-वरई-भाताची कणगी. कणसरी ही वारल्यांची धान्यदेवता. तिचे धान्य साठवायला घरात जागा लागतेच. लग्नाचा चौक लिहायचा तोही याच कुडाच्या भिंतीवर, गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने. आता ती चित्रे पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत प्लॅस्टिक पेंटवर दिसतात. त्यावर हळहळण्यात मी वेळ घालवणार नाही. कलाकाराला त्याचे पैसे मिळत असतील तर काही बिघडत नाही.

या घराचा एक गुण मात्र सहसा कोणी मोजत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून याच जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडच्या धुंदलवाडी परिसरात, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपू लागले. हलका कुड हादऱ्यात लवतो, आणि पडलाच तरी त्याखाली माणूस दगडविटांखाली चिरडावा तसा चिरडत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या वजनाने जो घात केला, तो आठवला की हलकेपणाची किंमत कळते.

पण एवढे वाचून कुणी सूर्यमाळच्या बाईला कुडाच्या घरातच राहा असा सल्ला द्यायला निघाला, तर ती त्याला वर्षभराचे सारवण करायला बसवील. चार महिने कोसळणारा पाऊस, ओल चढलेली जमीन, भिंतीच्या भोकातून येणारे उंदीर आणि त्यांच्या मागे साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावते. गवत दर एक-दोन वर्षांनी बदलायचे, आणि ते आता पूर्वीसारखे हाताशी राहिलेले नाही. दाराला कुलूप लावून वीटभट्टीवर जाता येत नाही. पक्के घर हवे, हे लोकांनी आपल्या बुद्धीने ठरवलेले आहे. त्यात फसवणूक नाही.

गोम आहे ती ‘नंतर’च्या फोटोत. योजनेने किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट ठरवले, स्वयंपाकाची जागा त्यातच. अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार वेगळे. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. ही मजुरीची कल्पना मला मनापासून आवडते: आपलेच घर बांधायचे आणि रोज मिळवायचा. रोजगार हमीचा कायदा देशात प्रथम महाराष्ट्रानेच १९७७ मध्ये केला, तेव्हा त्यात घरचा ओलावा आहे असेही म्हणता येईल.

आता कॅलेंडर काढून बघा. मोखाड्यात भात-नागली झोडून झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे निघतात, बरीच वीटभट्ट्यांवर. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे दिवस ठरलेले. परत यायचे ते पावसाच्या तोंडावर. बांधकामाचा हंगामही नेमका हाच. म्हणजे घरमालक दुसऱ्याच्या घराच्या विटा पाडत असतो तेव्हा त्याचे स्वतःचे जोते गवतात पडून असते. शिवाय सिमेंटला पाणी लागते. साध्या सिमेंटचे काम किमान सात दिवस ओले ठेवावे लागते, राखमिश्रित सिमेंटचे दहा दिवस. आणि एप्रिल-मे महिन्यांत या पाड्यांवर पिण्याचे पाणी टँकरने येते. मुंबईला पाणी देणारी वैतरणेची धरणे याच डोंगरांत असून ही अवस्था. हंड्याने आणलेले पाणी स्लॅबवर ओतायचे की चुलीवरच्या पातेल्यात, हा प्रश्न जिला पडतो तिचे उत्तर अभियंत्याला ठाऊक असते. मग काँक्रीट कच्चे राहते आणि पहिल्याच पावसात छत पाझरते. ‘मिस्त्रीने सिमेंट खाल्ले’ हा आरोप दरवेळी खरा नसतो.

पैसे पुरले नाहीत की स्लॅबऐवजी पत्रा पडतो. पत्र्याखाली मेमधली दुपार काढणे अवघड, आणि पावसाच्या माऱ्यात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. कणगी, शेळ्या, सरपण, चूल यांना २६९ फुटांत जागा नाही. म्हणून अखेरचा फोटो निघाला, पैसे खात्यात पडले, की खरी दुरुस्ती सुरू होते. घरकुलाच्या मागे किंवा बाजूला कुडाची पडवी उभी राहते. चूल तिथे जाते, शेळ्या तिथे जातात, दुपारी म्हातारी माणसे तिथे आडवी होतात. पक्क्या खोलीत कागदपत्रे, धान्य, टीव्ही, पोरांची दप्तरे. कुलूप लावायचे घर सिमेंटचे, राहायचे घर कुडाचे. माझ्या मते या भागातला सर्वांत अक्कलहुशारीचा कायापालट हाच आहे, आणि तो कोणत्याही फोटोत नाही.

वास्तुविद्येच्या जगात हीच गोष्ट मोठ्या पारितोषिकांनी गौरवली गेली. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना जोते, पाणी आणि संडास-मोरीचा गाभा दिला. बाकीचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. चिलीच्या अलेहांद्रो अरावेना यांनी इकिके शहरात २००४ च्या सुमारास ९३ कुटुंबांसाठी अर्धीच घरे बांधली, उरलेली अर्धी जागा मुद्दाम मोकळी सोडली. दोघांनाही वास्तुकलेतले प्रित्झकर पारितोषिक मिळाले. उलट उदाहरणही हवे: इजिप्तचे हसन फातही यांनी १९४० च्या दशकात मातीच्या विटांचे देखणे गाव वसवले, पण ज्यांच्यासाठी वसवले ते गुर्नाचे बहुतेक लोक तिथे राहायला गेलेच नाहीत. मातीचे प्रेम वास्तुकाराचे असून भागत नाही.

आपल्या ग्रामविकास मंत्रालयानेही ‘पहल’ नावाचा ग्रामीण घरांच्या नमुन्यांचा संग्रह आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने काढला. त्यात ठिकठिकाणचे साहित्य वापरून करायची घरे आहेत. पण गवंड्याला येते ते विटा आणि स्लॅब, आणि फोटो बघणाऱ्यालाही तेच ‘पक्के’ वाटते.

कातकऱ्यांची गोष्ट आणखी मागची. राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी ही एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात त्यांना घरासाठी २ लाख रुपये आहेत. पण वाडी दुसऱ्याच्या जागेवर असेल तर ‘आधी’चाच फोटो अडतो. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी योजना आहे; तिचा अर्ज घरकुलाच्या अर्जासोबतच भरून घ्यायला काय हरकत आहे?

ज्यांचे घरकुल अजून व्हायचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. जोते उंच घ्या, अंगणात पाणी साचते त्याच्या निदान दोन फूट वर. पाखे भिंतीबाहेर भरपूर काढा; झड अडते आणि पुढची पडवी फुकटात अर्धी होते. मागच्या भिंतीत पडवीसाठी दाराची जागा पहिल्याच दिवशी सोडा, नंतर फोडाफोड महाग पडते. पत्राच टाकणार असाल तर खाली बांबूच्या चटईचे छत घ्या, मध्ये हवेला वाव ठेवून. स्लॅबवर वाळूचे छोटे बांध घालून पाणी तुंबवले आणि भिंतींवर ओली पोती टाकली तर थोड्या पाण्यात भागते. कुड करायचाच तर मातीत रोवू नका. फूटभर दगडी पायावर उभा करा, वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहतात. बांबू थंडीत तोडावा, तेव्हा त्यात साखर-पीठ कमी असल्याने भुंगा कमी लागतो. काही आठवडे वाहत्या पाण्यात मुरवला तर आणखी बरा. टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. तेवढी लांब टाकी एका कुटुंबाला परवडणार नाही. ग्रामपंचायतीने एक बांधून दिली तर सगळ्या पाड्यांना आळीपाळीने पुरेल, आणि त्या कामालाही रोजगार हमीची मजुरी मागता येईल.