घड्याळ न पाठवता वेळ कशी कळते?

अमरावतीहून आठ मित्र आठ मोटारसायकलींवर एकाच क्षणी निघाले, तर ते अकोल्यास एकाच क्षणी पोहोचतील काय? मूर्तिजापूर येईपर्यंतच कोणी पुढे, कोणी मागे पडलेला असेल. आगगाडीच्या डब्यांचे मात्र तसे होत नाही. ते ज्या क्रमाने निघतात, त्याच क्रमाने पोहोचतात.

संगणकातील माहिती म्हणजे ० आणि १ या बिटांची रांग. आठ बिट आठ तारांतून एकदम पाठविणे ही समांतर पद्धत. एकाच वाटेने एकामागून एक पाठविणे ही क्रमिक पद्धत. वेग फार वाढला की समांतर तारांतील बिट पुढेमागे होऊन घोटाळा होतो. म्हणून तेथे क्रमिक पद्धत सोयीची ठरते.

पुणे जिल्ह्यात खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिच्या नूतनीकरणात अँटेनांच्या संकेतांचे अंक संगणकांकडे धाडण्याचे काम एफपीजीए चिपांकडे दिले गेले. अशा चिपेची अंतर्गत जोडणी आपल्याला हवी तशी ठरविता येते. अतिवेगाने बिट धाडणारे व घेणारे परिपथही तिच्यातच असतात.

दहा गिगाबिट ईथरनेटच्या एका प्रकारात चार वाटा असतात. प्रत्येक वाटेवरून सेकंदाला ३१२.५ कोटी बिट धावतात! एक बिट टिकतो ०.३२ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशही १० सेंटिमीटर जात नाही.

मग घेणाऱ्याने प्रत्येक बिट नेमका केव्हा वाचावा? वेगळ्या तारेने घड्याळाचे ठोके पाठविले, तर तेही पुढेमागे होणार. युक्ती अशी : ० चा १ किंवा १ चा ० झाला, की त्या बदलावरून घेणारा आपले घड्याळ जुळवून घेतो. पण ओळीने पन्नास ० आले तर? बदलच नाही; घड्याळ भरकटेल. म्हणून दर ८ बिटांऐवजी १० बिटांचा असा संकेत पाठवितात, की सलग पाचांहून अधिक सारखे बिट येतच नाहीत. दहांतील आठच बिट कामाचे, म्हणून प्रत्येक वाटेवर २५० कोटी आणि चारही वाटांवर मिळून १,००० कोटी!

तुम्हीही करून पाहा. मित्राला डोळे मिटायला सांगा. दर सेकंदाला १ साठी टिचकी वाजवा, ० साठी गप्प राहा. आधी १०११०१ पाठवा. मग १, वीस वेळा ० आणि पुन्हा १. मधले शून्य किती, हे तो चुकला तर त्याला हसू नका. दोष त्याचा नाही, संकेताचा आहे!