सहा इंचांच्या आत सगळं चालतं?

घोडबंदर रोडवरचा मानपाडा असो की डोंबिवली पूर्वेचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. खिशात ठेवायला घडीचा छोटा चाकू घ्यायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. "पातं सहा इंचांच्या आतलं बघा, मग पोलीस काही करू शकत नाहीत." कुणी सहाऐवजी चार म्हणतं, कुणी तीन. दुकानदार सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ट्रेकला जाणारी जुनी मंडळी नव्यांना ऐकवतात. आकडा दर वेळी बदलतो, तरी सांगणाऱ्याची खात्री काही ढळत नाही. या सल्ल्याला कायद्यात आधार नाही. त्यावर विसंबून चाकू घेणारा साधा नोकरदार माणूस विनाकारण अडकू शकतो, म्हणून आधी हाच गैरसमज निकालात काढू.

गैरसमज: ठरावीक इंचांच्या आतला चाकू कुठेही, कधीही बाळगता येतो.

वस्तुस्थिती अशी की इथे दोन वेगवेगळे कायदे लागू होतात आणि लोक दोन्हींची गल्लत करतात.

पहिला म्हणजे १९५९चा शस्त्र अधिनियम. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र, अशी त्याची व्याख्या आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू तिच्यातून वगळल्या आहेत. म्हणजे हा कायदा वस्तू कशासाठी घडवली आहे ते आधी बघतो. याच कायद्याखालच्या २०१६च्या नियमांत, पहिल्या अनुसूचीच्या पाचव्या वर्गात, तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर चाकूही आहेत. तिथे माप दिलं आहे ते असं: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाचे चाकू तिथेही वगळले आहेत. सहा इंचांचा उल्लेख त्या यादीत नाही.

तीन इंचांचा आकडा मात्र खरा आहे, फक्त तो आपला नाही. १९८०च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीसाठी एक अधिसूचना निघाली. खटक्याने, बटणाने किंवा तशाच यांत्रिक करामतीने उघडणाऱ्या चाकूंसाठी तिच्यात ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी अशी मर्यादा घातली आहे. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. दिल्लीपुरता, ठरावीक प्रकारच्या चाकूंसाठी केलेला हा नियम ठाण्यात 'तीन इंचांपर्यंत परवानगी' म्हणून सांगितला जातो, तेव्हा खरंच चीड येते. कारण ज्या कायद्याचा इथल्या माणसाशी रोज संबंध येतो, त्याचं नावही या गप्पांत कुणी काढत नाही.

तो दुसरा कायदा म्हणजे १९५१चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. त्याच्या कलम ३७(१)खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात. सणवार, निवडणुका, मोर्चे आले की 'ठाणे आयुक्तालय हद्दीत मनाई आदेश' अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. दोन्ही मानपाडे याच आयुक्तालयात येतात. तलवारी, भाले, बंदुका, काठ्या आणि चाकू बाळगायला, शिवाय शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला या कलमाखाली बंदी घालता येते. त्यात इंचांचा हिशेब कुठेही नाही. जिथे काठीसुद्धा चालत नाही, तिथे 'माझा चाकू चारच इंचांचा आहे' हे सांगून काय उपयोग? सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटेल तितका काळ असा आदेश लागू ठेवता येतो. तो लागू असताना मोडला, तर कलम १३५खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

म्हणून सांगायचं ते इतकंच: पातं लहान आहे म्हणून अभय मिळत नाही. कामाचं हत्यार म्हणून बनवलेला साधा चाकू घ्या, त्याचं काम असेल तेव्हाच जवळ ठेवा आणि मनाई आदेश लागू असेल तेव्हा तो घरी राहू द्या. खटका दाबताच पातं बाहेर येणारा, रामपुरीच्या धाटणीचा चाकू तर घेऊच नका. सफरचंद कापायला खटका लागत नाही.

हे एकदा पटलं की निवड सोपी होते. खिशातल्या चाकूसाठी दोन नावं हमखास पुढे येतात: स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा 'क्लासिक' आणि फ्रान्सच्या ओपिनेलचा सहा नंबर. दोन्ही नखाच्या खाचेत नख घालून, दोन हातांनी उघडायचे.

क्लासिक मिटलेला असताना ५८ मिलिमीटरचा, वजनाला साधारण वीस ग्रॅम. पातं जेमतेम दीड इंचाचं. सोबत कात्री, नखांची कानस, चिमटा आणि दातकोरणं. पार्सलची चिकटपट्टी, औषधाची पाकिटं, शर्टाचा सुटलेला दोरा ही शहरातली रोजची कामं, आणि त्यातली निम्मी पात्यापेक्षा कात्रीच चांगली करते.

ओपिनेलच्या सहा नंबरचं पातं सात सेंटिमीटरचं, पातळ आणि रुंद. टोमॅटो, पेरू, पाव कापायला त्याच्यासारखा तोच. मानेवरची पोलादी कडी १९५५मध्ये आली. ती फिरवली की उघडलेलं पातं बोटांवर मिटत नाही. मूठ लाकडाची. आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते लाकूड फुगतं आणि पातं खाचेत घट्ट बसतं. मग नखाने ओढत बसू नका. कडी मोकळी करा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा. पात्याचं टोक आपसूक वर येतं. धुतल्यावर चाकू उघडाच वाळू द्या आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं.

आता राहिलेले गैरसमज थोडक्यात.

'स्टेनलेस गंजत नाही.' गंजतं, फक्त उशिरा. लिंबू, मीठ आणि खाडीची दमट हवा पात्यावर बारीक खड्डे पाडतात. पुसून ठेवा.

'कार्बन स्टीलवर काळपट डाग पडले की चाकू वाया गेला.' तो करडा थर आंबट फळांमुळे येतो आणि निरुपद्रवी असतो. काढायचा तो तांबूस गंज.

'बोथट चाकू सुरक्षित.' उलट आहे. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो, ते घसरतं आणि बोटात जातं.

'एवढासा चाकू विमानात कोण अडवणार?' सुरक्षा तपासणीत अडवतातच. तो चेक-इन सामानात टाका.

'वेळप्रसंगी स्वसंरक्षणाला होईल.' हा सगळ्यांत घातक समज. घडीचा चाकू काढून उघडेपर्यंत प्रसंग उलटलेला असतो, आणि हातात पातं दिसलं की साधी बाचाबाची जिवावर बेतते. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण बचावापुरती गरज असेल तेवढीच इजा त्यात बसते. अशी वेळ आलीच तर तिथून निघा आणि ११२ला फोन करा.

तेव्हा दोघांपैकी कोणता? रोज लोकलने कामावर जाणाऱ्याने क्लासिक घ्यावा. मलंगगडाच्या वाटेवर शिदोरी सोडणाऱ्याने, घरी फळं चिरणाऱ्याने ओपिनेल घ्यावा, आणि पावसाळ्याचा विचार करून स्टेनलेसचाच. दुकानात पट्टी घेऊन इंच मोजण्यापेक्षा स्वतःला विचारा, की आपण रोज कापतो काय? त्याचं उत्तर 'काहीच नाही' असेल, तर पैसे वाचवा.