टायर बदलायचा महिना

सकाळी 6:40. मॉन्ट्रियल, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. उणे चार अंश, अजून अंधार. गॅरेजचं शटर वर जाण्याआधीच गाड्यांची रांग लागलीय. क्विबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे, नाहीतर किमान 200 डॉलर दंड. आज मी ज्याचं काम बघतोय तो टायर मेकॅनिक साताऱ्याकडचा. तासाला 22 डॉलर, आठवड्यात चाळीस तासांवर गेलं की दीडपट.

7:15. पहिली कोरोला लिफ्टवर. नट निघाले, पण चाक निघेना. रस्त्यावरच्या मिठानं रिम हबला गंजून चिकटलीय. रबरी हातोड्याचे दोन ठोके, मग तारेचा ब्रश. नवं चाक चढवून नट समोरासमोर आवळायचे. मशीननं नुसते टेकवायचे, शेवट टॉर्क पान्यानं. 103 न्यूटन-मीटरला पाना ‘टक’ करतो. प्रत्येक नटाला तो थांबून ऐकतो. "शंभर किलोमीटर झाले की या, परत तपासतो. पैसे नाहीत."

9:30. पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेली एक बाई.

"दादा, ऑल-सीझन आहेत की. पुढचे दोनच बदलले तर?"

तो तिला बाहेर, थंडीत ठेवलेल्या टायरांपाशी नेतो. "नख दाबून बघा, ताई. आता हे दुसरं."

ऑल-सीझनचं रबर कडक, हिवाळी टायरचं दबतं. साधारण सात अंशांखाली हा फरक पडायला लागतो. मग बाजूवरची खूण दाखवतो: तीन शिखरांचा डोंगर, आत हिमकण. नुसतं ‘एम प्लस एस’ इथल्या कायद्याला चालत नाही.

"आणि दोन नकोत. पुढचे धरतील, मागचे सरकतील. वळणावर गाडी गर्रकन फिरेल."

एकाचे 140, चाराचे 560 डॉलर. लोखंडी रिमा वेगळ्या घेतल्या तर दर हंगामाची टायर काढण्या-चढवण्याची मजुरी वाचते. ती फोनवर हिशेब करते. रिमा पुढच्या वर्षी.

12:20. पोळी-भाजी, उभ्यानंच. हात धुऊनही नखं काळीच.

1:10. पिकअपवाल्याला ऑल-टेरेन हवेत. दिसायला दणकट, मोठमोठे ठोकळे. चिखल-खडीत ते उत्तम, पण बर्फाच्या काचेवर ठोकळ्यांचा काय उपयोग? तिथे मऊ रबर आणि त्यातल्या बारीक चिराच गाडी थांबवतात. गावातल्या गावात फिरणाऱ्यानं केवळ रुबाबासाठी हे घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत. हा मात्र रोज लॉरेंशियन्सच्या कच्च्या रस्त्यानं कामावर जातो. दादा त्याला हिमकणाची खूण असलेलेच ऑल-टेरेन देतो आणि फ्रेंचमध्ये बजावतो, बर्फावर अंतर जास्त ठेव.

3:00. एकानं तळघरातले जुने टायर आणलेत. नक्षी भरपूर. बाजूवर आकडे 3714, म्हणजे 2014 च्या सदतिसाव्या आठवड्यात बनलेले. "नक्षी आहे, रबर मेलंय." गिऱ्हाईक कुरकुरतं. दादा चढवत नाही.

4:20. सूर्य मावळला. आता हवा. पारा पाच-सहा अंश उतरला की टायरमधली हवा एका पीएसआयनं घटते, म्हणून प्रत्येक चाकाला गेज लावायचाच.

6:30. कंबरेला पट्टा बांधून तो शेवटचे चार टायर फळीवर रचतो, खडूनं जागा लिहितो: पुढचा डावा, मागचा उजवा. सोळा इंची माप संपलंय. पुरवठादाराला फोन लागतो. बुधवारी येतील म्हणे. उद्याच्या तीन गिऱ्हाइकांना तो एकेक करून कळवायला बसतो.