जमिनीखाली लपलेला भ्रंश कसा शोधतात?

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिज भागात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ६० जणांचा जीव गेला, महामार्गांवरील पूल कोसळले. ज्या भ्रंशामुळे हा भूकंप झाला, तो तोपर्यंत शास्त्रज्ञांना माहीतच नव्हता.

भ्रंश म्हणजे खडकातील अशी भेग, जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकलेले असतात. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंश जमिनीवर दिसतो. काही भ्रंश मात्र पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांच्या वरच्या गाळाच्या थरांना फक्त बाक येतो. त्यावर शहर वसले की तोही सहज ओळखू येत नाही.

पाहणी कशी होते?

विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो. भूकंपीय परावर्तन सर्वेक्षणाचे तत्त्वही तेच. खास ट्रक जमिनीवर जड पाटा टेकवून तिला थरथरवतो. या लहरी खाली जातात आणि जिथे खडकाचा प्रकार बदलतो, तिथून त्यांचा काही भाग परत फिरतो. रांगेने मांडलेले जिओफोन त्या परतण्याची वेळ नोंदवतात. समजा, लहरीला जाऊन येण्यास २ सेकंद लागले आणि खडकातील तिचा सरासरी वेग सेकंदाला ३ किलोमीटर आहे. तर तो थर ३ किलोमीटर खोल आहे. अशा असंख्य नोंदी जोडल्या की जमिनीचा उभा छेद दिसू लागतो. सलग थर एका रेषेवर तुटलेले किंवा वाकलेले दिसले, तर तिथे भ्रंश असण्याची शक्यता असते.

तेलाच्या शोधातून भूकंपाचा माग

लॉस एंजेलिसखाली तेल शोधण्यासाठी अशी सर्वेक्षणे झाली होती. जॉन शॉ आणि पीटर शिअरर यांनी ती माहिती १९८७ च्या व्हिटिअर नॅरोज भूकंपाच्या नोंदींशी जोडून पाहिली. छेदात दिसणारा भ्रंश खाली वाढवला, तर तो त्या भूकंपाच्या जागेपर्यंत पोहोचत होता. १९९९ मध्ये त्यांनी शहराखालच्या या प्वेंते हिल्स भ्रंशाचे वर्णन प्रसिद्ध केले.

भ्रंश जागा आहे का?

छेदावरून भ्रंशाचा आकार कळतो, वय नाही. त्यासाठी सर्वात वरचे, कोवळे थरही वाकले आहेत का, हे उथळ पण बारकाईच्या सर्वेक्षणातून पाहतात. मग तिथे छिद्रे पाडून गाळाचे नमुने काढतात आणि त्यांचे वय ठरवतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासानुसार, प्वेंते हिल्स भ्रंशावर गेल्या ११,००० वर्षांत किमान चार मोठे भूकंप झाले. त्यांची तीव्रता ७.२ ते ७.५ असावी.

सगळीकडे हे जमते का?

नाही. गाळाच्या सपाट थरांत चित्र स्पष्ट येते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लाव्हाच्या एकावर एक थरांमुळे लहरी विखुरतात आणि खालचे चित्र धूसर होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा प्रदेश असाच आहे. त्यामुळे अशा ठिकाणी खोल विवरे आणि इतर मोजमापांची जोड लागते.

पुढचा भूकंप कधी होईल, हे या सर्वेक्षणातून कळत नाही. पण तो कुठे आणि किती मोठा होऊ शकतो, याचा अंदाज येतो. इमारती, पूल आणि धरणे किती मजबूत बांधायची, हे ठरवायला तो अंदाज लागतोच.