नव्या कलमांचं वर्ष

१ जुलै २०२४ला तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि त्याच आठवड्यांत आमच्या विधी महाविद्यालयाचं सत्र तोंडावर आलं. तेव्हापासून ऑगस्ट २०२५पर्यंतचा काळ फौजदारी कायदा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला फार काही देऊन गेला.

जुन्या भारतीय दंड संहितेची ५११ कलमं नव्या भारतीय न्याय संहितेत ३५८ झाली. ‘तीनशे दोन’ म्हणजे खून, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. तो खून आता १०३मध्ये आहे आणि नवं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल. ‘चारसो बीस’ ३१८मध्ये गेलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १४४ म्हणजे जमावबंदी. नागरिक सुरक्षा संहितेत ती १६३वर सरकली आणि १४४वर पोटगी आली. स्टाफरूममध्ये जुन्या-नव्या कलमांचा तक्ता चिकटवला. तासाला जाण्याआधी ज्येष्ठ सहकारीही त्यापुढे क्षणभर थांबत.

मला मात्र हे वर्ष आवडलं ते वेगळ्याच कारणाने. जुनी गाइडं निकामी आणि नव्यांवर भरवसा नाही, त्यामुळे पोरांना बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) उघडावाच लागला. चोरीचं कलम ३०३ आम्ही शब्दन् शब्द वाचलं. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावणाऱ्या माणसाचं उदाहरण १८६०च्या संहितेतलंच इथेही आहे. हेतू लबाडीचा असेल, तर कुत्रं मागे चालू लागताक्षणी चोरी पूर्ण होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, कुत्रं जागचं हललंच नाही तर?’ उरलेला तास ६२व्या, म्हणजे गुन्ह्याच्या प्रयत्नाच्या कलमावर गेला. त्याच ३०३मध्ये नवीनही काही आहे: माल पाच हजारांहून कमी किमतीचा, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा सामाजिक सेवेची. असं वाचन गाइडांच्या दिवसांत होत नव्हतं, आणि ते पुन्हा सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

जुनी संहिताही टाकून देता येत नाही. गुन्हा घडला त्या वेळी जो कायदा होता त्याच्याच आधारे दोषी ठरवता येतं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०चं सांगणं. आधीच सुरू असलेली प्रकरणंही जुन्याच कलमांवर चालतात. हिवाळ्यात एका गावी विधी सेवा शिबिरात जुन्या प्रक्रिया संहितेच्या कलम १२५खाली पोटगीचा अर्ज केलेली एक बाई घाबरून विचारत होती, ‘माझी एकशेपंचवीसची केस बाद झाली का?’ शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी तिच्या शेजारी सतरंजीवर बसली. ‘नाही मावशी, चालू आहे ती जुन्या कलमावरच चालणार. आणि वकील फुकट मिळेल, तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही.’ परीक्षेत मी याहून चांगलं उत्तर तपासलेलं नाही.

२० मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाच्या प्रवेश परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. जेएमएफसीची, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीपदाच्या परीक्षेची, तयारी करणारी मुलं हिरमुसली. कोर्ट पाहिलेला माणूस न्यायासनावर बसावा, हे मला पटतं. पण ज्युनिअर वकिलाच्या हाती महिन्याकाठी काय पडतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शेतमजुराच्या मुलीची काळजी वाटल्याशिवाय राहणार नाही. या मुलींसाठी विद्यावेतनाची सोय व्हायलाच हवी.

आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ त्यासाठी लढा दिला होता. तोवर उच्च न्यायालय पाहायचं, तर आमच्या मुलांना रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागे. आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. तिथे ऐकू येणारी खुनाची अपिलं अजून जुन्या ३०२चीच आहेत, आणि पुढची कित्येक वर्षं तशीच येत राहतील. म्हणून यंदाच्या वर्गालाही दोन्ही पुस्तकं आणायला सांगितली आहेत.