सातशे मिलिमीटरचा हिशेब

एक मिलिमीटर पाऊस पडला तर अंगणातली धूळ जेमतेम बसते. पण तेवढाच पाऊस एका हेक्टरवर मोजला की दहा हजार लिटरचा टँकर भरतो. जळगाव जिल्हा ११,७६५ चौरस किलोमीटरचा आणि वर्षाचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटर. गुणाकार करा: सव्वाआठ लाख कोटी लिटर, म्हणजेच सुमारे २९० टीएमसी (अब्ज घनफूट). १०५ टीएमसीचं कोयना धरण एवढ्या पाण्यानं पावणेतीन वेळा भरेल. आणि हा जिल्हा आपण तहानलेला म्हणून ओळखतो!

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख ३० हजार होती. जलजीवन मिशनच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर धरले, तर सगळ्यांना मिळून वर्षाला साडेआठ हजार कोटी लिटर लागतात. टीएमसीत सांगायचं तर फक्त तीन. पावसाच्या शंभर थेंबांतला एक थेंब जिल्ह्याच्या पिण्याला आणि घरवापराला पुरतो. उरलेल्या नव्व्याण्णवांपैकी बरेच मातीतून आणि पिकांतून हवेत जातात, काही तापीतून सुरतेकडे वाहतात, थोडे मुरतात. माणसाचा निर्णय चालतो तो इथे.

रावेर-यावलची केळी घ्या. मे महिन्याच्या उन्हात भरातल्या बागेला ठिबकनंसुद्धा झाडामागे रोज वीसेक लिटर द्यावे लागतात. दीड बाय दीड मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी ४,४४४ झाडं, म्हणजे रोज जवळपास नव्वद हजार लिटर. जिल्ह्यात केळी पन्नास हजार हेक्टरच्या आसपास. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) एकाच वेळी भरात नसतात, म्हणून निम्मंच क्षेत्र धरू. तरी रोजचे सव्वादोनशे कोटी लिटर होतात. घरवापराच्या साडेनऊ पट! असे दोन महिने गेले की हतनूर धरणाच्या २५५ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून जास्त पाणी होतं. यातलं बरंचसं विहिरी आणि बोअर उपसून येतं, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही. या केळीवर हजारो घरं उभी आहेत. मला तर वाटतं, म्हणूनच हा हिशेब प्रत्येक शिवारात मांडला गेला पाहिजे.

धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी तो शेकडो वर्षं मांडला जात होता. बंधाऱ्यावर किती पाणी आहे ते पाहून कुठल्या फडात, म्हणजे सामायिक शेतपट्ट्यात, ऊस, कुठल्यात गहू आणि टंचाई असेल तर कुठला फड पडीक, हे शेतकरी मिळून ठरवत. पाटकरी पाणी फिरवत असे, जागल्या राखण करत असे. १८८४ साली पुण्याहून शिकून नुकतेच बाहेर पडलेले अभियंते विश्वेश्वरय्या पहिल्या नोकरीत याच भागात आले, आणि पांझरेच्या पाण्यासाठी दातर्तीला पाइपचा सायफन त्यांनी उभारला.

माणूस आणि पाणी यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या शास्त्राला मुरुगेसू शिवपालन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली नाव दिलं: सामाजिक जलविज्ञान. अमेरिकेत पदवीचे विद्यार्थी सुट्टीतले दहाएक आठवडे अशा संशोधनाला देतात. आपली उन्हाळी सुट्टी तर विहिरींनी तळ गाठलेल्या महिन्यांतच येते, आणि मोजायला याहून चांगला काळ नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, पण एकेका तालुक्यात विहिरी हजारोंनी आहेत. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक महाविद्यालयानं चार-दोन गावं दत्तक घेऊन त्या मोजाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

लागतो फक्त एक टेप. तापीकाठचा गाळाचा पट्टा सोडला तर खाली काळा पाषाण आहे, आणि त्याच्या शंभर लिटर आकारमानातून दोनेक लिटरच पाणी सुटतं. त्यामुळे वीस मिलिमीटर पाऊस मुरला की विहीर एक मीटर चढते. मेमध्ये एकदा टेप सोडा, ऑक्टोबरमध्ये पुन्हा. समजा, पातळी पाच मीटर चढली. म्हणजे शंभर मिलिमीटर मुरला, आणि शंभर हेक्टरांच्या शिवारात दहा कोटी लिटर जमा झाले. हजार वस्तीच्या गावाचे वर्षाचे दोन कोटी आधी बाजूला काढा. राहिले आठ. गव्हाला हेक्टरी चाळीस लाख लिटर धरले तर रब्बीत वीस हेक्टर गहू होतो. त्याच्या निम्म्या पाण्यात येणारा हरभरा घेतला तर चाळीस.